सातवीच्या दाराची वीट

सासरे दाराशी उभे राहून आपल्या पिशवीचं वजन करत होते. ताणकाट्याला पिशवी अडकवायची, डोळे बारीक करून आकडा वाचायचा, आतून चष्म्याचं घर काढून खिशात टाकायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाईंच्या पायात चपला होत्या, खांद्याला पर्स होती आणि तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी दोनदा गिळलं होतं. तिसऱ्यांदा ते बाहेर पडलं.

"बाबा, आपल्याला शाळेत जायचंय. पायी."

"म्हणूनच बघतोय. एका हाताला भार जास्त झाला की माणूस तिरका चालतो."

बाई त्या घरात सून म्हणून आल्या त्या दिवसापासून हे ऐकत होत्या. सासरे एके काळचे वैमानिक, पण लढाऊ विमानाचे नव्हेत. युद्ध संपलं, पूल पडले होते, रस्त्यांत सुरुंग होते आणि गावंच्या गावं उपाशी बसली होती, तेव्हा त्या गावांवर पीठ, मीठ आणि दुधाची भुकटी नेऊन टाकणाऱ्या विमानाचे ते कॅप्टन. विमान सुटून जमाना झाला, सवयी काही सुटल्या नाहीत. फ्रिजमध्ये जड भांडी मधोमध लागत. पाहुणे आले की सोफ्यावर अंगापिंडाप्रमाणे बसवले जात, म्हणजे दोन भारदस्त काकांच्या मधे एखादी बारकीशी मावशी चेपून बसलेली असे. रात्री सगळ्या दारांच्या कड्या ते स्वतः ओढून बघत. मात्र त्या दिवसांबद्दल विचारलं तर उत्तर एकच मिळे. "पोत्यांची ने-आण. हमालीच ती, फक्त वरून."

असा माणूस बाईंनी आज शाळेत पाहुणा म्हणून नेला, त्याला कारण होतं. बाई सातवीला इतिहास शिकवत आणि त्यांची पद्धत अशी की, ज्यानं पाहिलं त्यानंच सांगावं. म्हणून त्या तासाला माणसं बोलवत. मागच्या वेळी घड्याळजी आले होते. त्यांनी घड्याळांचा इतिहास सांगता सांगता शाळेचं घड्याळ उघडलं, ते पुन्हा नीट मिटलंच नाही आणि पुढचा आठवडाभर शाळा वेळेआधी सुटत राहिली. मुलांच्या मते तो इतिहासाचा आजवरचा सर्वोत्तम पाठ होता. मुख्याध्यापिका मॅडमचं मत वेगळं होतं.

"मी मोठा पडदा मागवलाय," मॅडम म्हणाल्या होत्या. "त्यावर तयार धडे येतात. पडद्यातला माणूस कशाला हात लावत नाही."

"मॅडम, पण मुलांना पडद्याला प्रश्न विचारता येत नाहीत."

"तेच तर बरं आहे. हे बघा, एक शेवटचा पाहुणा. त्यानंतर मी स्वतः चाचणी काढीन. मुलांनी उत्तरं नीट लिहिली तर तास तुमचा. नाहीतर पडदा."

बाईंचा जीव त्या तासात होता. बाकी दिवसभर त्या सनावळ्या पाठ करून घेत. तो एक तास तेवढा त्यांना शिकवल्यासारखा वाटे. म्हणून त्यांनी फार विचार केला. कशालाही वेडावाकडा हात लावणार नाही, सगळं दोनदा तपासेल, असा जगात एकच माणूस त्यांना माहीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा, असं म्हणून त्यांनी सासऱ्यांना विचारलं. सासरे म्हणाले, "मुलांना काय सांगू? मी कधी खाली उतरलोच नाही गं."

पण आले.

आता सातवीच्या दाराबद्दल सांगायला हवं. ते दार लावायचं नसतं, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक होतं. खटका जुना, मूठ सैल, म्हणून दाराला कायम एक वीट लावलेली असे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण या विटेची जरब हेडमास्तरांच्या छडीसारखी होती. तिला कोणी हलवत नसे. शिपाईमामा झाडतानासुद्धा तिच्या कडेनं झाडत. शाळेत नवीन माणूस आला की त्याला आधी पाण्याची टाकी दाखवत आणि मग ही वीट.

कॅप्टनना मात्र ती कोणी दाखवली नाही. बाई फळ्यावर "युद्धानंतर" असं लिहायला वळल्या. कॅप्टननी वर्गात पाऊल टाकलं, थांबले, खाली पाहिलं.

"दाराशी सुटी वस्तू ठेवायची नसते," असं स्वतःशी म्हणत त्यांनी वीट उचलली, हातात तोलून पाहिली आणि टेबलावर नेऊन ठेवली. मग दार लावलं. आणि मग, लागलंय की नाही हे बघायला, उभ्या आयुष्यात प्रत्येक दाराला दिला तसा एक सणसणीत हिसका त्यालाही दिला.

बाई वळल्या तेव्हा मूठ कॅप्टनच्या हातात होती. दाराच्या पलीकडे दुसरी मूठ फरशीवर पडून गडगडत गेल्याचा आवाज आला.

"लागलं," कॅप्टन म्हणाले.

बाई दाराकडे धावल्या. त्यांनी दार ओढलं, ढकललं, फटीत पट्टी घालून पाहिली. पट्टी मोडली. आतली दांडी तुटून खटक्यातच अडकली होती. वर्ग दुसऱ्या मजल्यावरचा, खिडक्यांना गज. मुलं मात्र अशी चिडीचूप बसली होती की बाईंना नेहमीच्या गोंगाटाची आठवण झाली. इतिहासात पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

हाका ऐकून आधी शिपाईमामा आले. त्यांनी दाराला खांदा लावला. दार राहिलं, खांदा दुखावला. मग मॅडम आल्या. सुताराला फोन झाला. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खिडकीत अडकला होता.

"निघालोच म्हणतोय," मॅडम दाराबाहेरून म्हणाल्या. मग आवाज उतरला. "बाई, पाहुण्यांनी कशाला हात लावला का?"

"दाराला, मॅडम."

बाहेर फरशीवरची मूठ कोणीतरी उचलल्याचा आवाज आला. "तास चालू ठेवा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आणि उरकल्यावर मला भेटा. उरकलं तर."

बाईंच्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र पडदा उभा राहिला. त्या खुर्चीवर बसल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "सांगा, बाबा." मुलांसमोर 'कॅप्टनसाहेब' म्हणायचं ठरलेलं होतं, तेही विसरल्या.

कॅप्टन मूठ हातात घेऊनच उभे होते. पहिला प्रश्न 'वकिला'चा आला. वकील म्हणजे पुढच्या बाकावरची एक मुलगी. शाळेनं काढलेला एकही नियम तिनं पुराव्यावाचून मान्य केला नव्हता.

"तुम्ही किती विमानं पाडली?"

"एकही नाही. एकदा माझंच पडता पडता राहिलं."

"मग बॉम्ब किती टाकले?"

"बॉम्ब नाही टाकले."

"मग विमानातून टाकलंत काय?"

"पीठ."

वर्गाचा चेहरा पडला. मागून 'पैलवान' नावाचा थोराड मुलगा आशेनं म्हणाला, "नुसतं पीठ?"

"कधी कधी मीठ."

"म्हणजे वाण्याचं दुकानच की!" कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खदखदून हसला. कॅप्टनही हसले, पण बाईंना ते हसू ओळखीचं होतं. पाहुण्यांसमोर चहा सांडला की ते असं हसत. बाईंना त्या क्षणी पडद्यापेक्षा म्हाताऱ्याची काळजी जास्त वाटली. कशाला आणलं आपण याला इथे?

"पण दार एवढ्या जोरात का ओढलंत?" वकील म्हणाली. "लागलेलं तर होतं."

कॅप्टननी मुठीकडे पाहिलं. "एकदा नव्हतं लागलं," ते म्हणाले. "पहाटे निघालो. माझ्या माणसानं सांगितलं, दार लावलंय. मी म्हटलं, ठीक. स्वतः बघितलं नाही. नदीवर आलो आणि दार उघडलं. विमानात मीठ होतं, डोंगरातल्या एका गावासाठी. त्या गावात कित्येक महिने मीठ नव्हतं. सगळं नदीत गेलं."

"मग?"

"मग काय? नदीतल्या माशांची चंगळ झाली. आणि गावावरून आम्ही रिकामे गेलो. खाली माणसं हात हलवत होती. त्यांना काय माहीत विमान रिकामं आहे? मी दोन घिरट्या घातल्या आणि परत फिरलो. दुसऱ्या दिवशी नेलं मीठ. पण तो एक दिवस..." ते थांबले. "तेव्हापासून मी दार ओढून बघतो. कुणाचंही असो."

आता कोणी हसलं नाही. बाईंना रात्रीच्या वेळी कड्या खडखडायच्या ते आठवलं आणि त्यावरून आपण नवऱ्याजवळ केलेल्या कुरकुरीही आठवल्या. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तरी असं कधी विचारलं होतं?

एवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

मुलांनी सवयीनं दाराकडे पाहिलं, आणि मग परिस्थिती सगळ्यांच्या ध्यानात आली. मुलं तासाला बाकाखाली डबे उघडून खातात म्हणून मॅडमनी नियम केला होता: डबे वर्गात आणायचे नाहीत, बाहेरच्या फळीवर ठेवायचे. त्यामुळे सातवीचे डबे सुखरूप बाहेर होते आणि सातवी आत. दार कॅप्टननी लावलं होतं, डबे मॅडमनी बाहेर ठेवले होते. म्हणजे जगातल्या बहुतेक लढायांप्रमाणेच दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं आणि उपाशी भलतेच होते.

"बाई, पोटात कावळे ओरडतायत," पैलवान म्हणाला. त्याचे कावळे पहिल्या तासापासूनच ओरडत, पण आज त्याला बाकीच्यांचीही साथ होती.

दारावर एक झरोका होता. माणूस जाणार नाही, डबा जाईल एवढा. बाईंनी तो आधी पाहिला, कॅप्टननी नंतर, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मॅडम," बाई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "शिडी आहे का?"

शिडी आली. शिपाईमामांचा खांदा आधीच गेलेला. बाहेर थोडी कुजबुज झाली आणि मग मॅडमचा आवाज आला, "डबे बाहेर ठेवायचा नियम माझा आहे. मीच चढते. मामा, तुम्ही शिडी धरा आणि वर बघू नका." शिडी कुरकुरली. थोड्या वेळानं झरोक्यात मॅडमचं डोकं उगवलं, चष्म्याशिवाय.

"देऊ?"

"द्या!" अख्खी सातवी ओरडली.

पहिला डबा खाली आला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि फुटला. उकडलेलं अंडं वकिलाच्या डोक्यावर पडलं, बटाटे चारी दिशांना पळाले.

"थांबा!" असा आवाज झाला की शिडीवरच्या मॅडमही दचकल्या. बाईंनी सासऱ्यांचा हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. त्यांचा कणा ताठ झाला होता. "आधी जागा मोकळी करा. पडणाऱ्या वस्तूखाली कोणी उभं राहायचं नाही. पोत्याखाली सापडलेल्या माणसाला पीठ काय कामाचं? खडू द्या." त्यांनी फरशीवर गोल काढला. "मॅडम, एखादी मोठी, ढगळ पिशवी आहे का?"

"माझी खांद्याची आहे. कशाला?"

"गोणीत गोणी! आम्ही पीठ लहान गोणीत भरायचो आणि ती मोठ्या सैल गोणीत घालायचो. खाली आपटली की आतली फुटते, बाहेरची धरून ठेवते. डबा पिशवीत टाका, तोंड पिळा आणि सोडा. मुलांनो, रिकामी पिशवी वर फेकायची."

डबे येऊ लागले. पहिले एक-दोन गोलाबाहेर पडले. "मॅडम, जरा डावीकडे! माझ्या डावीकडे!" कॅप्टन ओरडत. "सोडायच्या आधी श्वास घ्या!" मॅडम श्वास घेत. हळूहळू त्यांचा हात बसला. एक डबा गोलाच्या अगदी मधोमध पडला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि झरोक्यातलं तोंड, कोणी बघत नाही असं समजून, लाजलं.

पण खाली वेगळीच पंचाईत झाली. चष्म्याशिवाय मॅडमना डब्यांवरची नावं दिसेनात. जो येईल तो डबा त्या टाकत होत्या आणि ज्याच्या हाताला लागेल तो उघडत होता. "तो माझाय!" "आधी मी पकडला!" पैलवानानं एक डबा पोटाशी धरला, तो कोणाचा होता देव जाणे. हमरीतुमरी सुरू झाली. बाई ओरडायला उठल्या, तर सासऱ्यांनी हात वर केला.

"थांब जरा. मला बघू दे."

"काय बघायचंय बाबा, मारामारी?"

"हेच कधी पाहिलं नाही मी. वरून नुसती माणसं धावताना दिसायची. मग आम्ही वळायचो. पुढं काय होत असेल, कोणाला मिळत असेल, कोणाला नाही... इतकी वर्षं मनात हेच आहे."

बाई थांबल्या. आणि वकील बाकावर चढली. तिच्या केसांत अजून अंड्याचा बलक होता.

"सगळं टेबलावर ठेवा! सगळ्यांचं! पैलवान, तूपण. एकजण वाटे करील आणि जो वाटे करील त्यानं सगळ्यात शेवटी घ्यायचं."

"असं का?" पैलवान म्हणाला.

"म्हणजे तो वाटे सारखे करतो. आमच्या घरी असंच असतं. मला भाऊ आहे."

यापुढे कोणाचा युक्तिवाद चालला नाही. टेबलावर कागद पसरले, वीट बाजूला सरकवली. ब्रेड, बटाटे, केळी, शेंगदाणे, एक बरंच धक्के खाल्लेलं आमलेट. वाटे करायला पैलवानालाच बसवलं आणि त्यानं आयुष्यात कधी एवढ्या कष्टानं काही केलं नसेल. मॅडमकडून डबे येतच होते, ते ढिगात जात होते.

पहिला वाटा वकिलानं कॅप्टनसमोर धरला. अर्धा बटाटा, ब्रेडचा तुकडा आणि चार शेंगदाणे.

"मला?" कॅप्टन म्हणाले. "मी तर... मीच दार लावलं ना."

"तुम्हीपण आतच आहात की," ती म्हणाली.

कॅप्टननी तो बटाटा हातात घेतला. तोलून पाहिला नाही. खाल्ला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "माझ्या हातून हजारो पोती गेली," ते सुनेला म्हणाले. "त्यातलं पहिल्यांदा खातोय." बाईंनी आपल्या वाट्याचं केळं सासऱ्यांच्या हातावर ठेवलं, आणि मग पैलवान बघतोय म्हणून अर्धं त्याला दिलं.

याच वेळी वरातीमागून घोडं यावं तसा सुतार आला.

"मॅडम, उतरा. दार उघडतो."

"थांबा हो जरा! अजून डबे राहिलेत."

"अहो, दार उघडलं की डबे दारातनंच जातील."

"आत्ता कुठे हात बसलाय माझा!" झरोक्यातून आवाज आला. सुतारानं शिपाईमामांकडे पाहिलं, मामांनी नियम पाळून वर पाहिलं नाही. शेवटी सुतार शिडीखालून वाकून दाराशी गेला. खिशातून एक बारीक सळी काढली, खटक्यात घालून फिरवली आणि दार उघडलं. दार सताड उघडं होतं, तरी आतलं कोणी बाहेर आलं नाही आणि मॅडमनी उरलेले डबे झरोक्यातूनच टाकले. शेवटचा अगदी गोलात पडला.

पण चाचणी राहिली होती. शिडीवरून उतरल्यावर मॅडमनी चष्मा लावला, पदर नीट केला आणि पुन्हा मॅडम झाल्या. "ठरलं ते ठरलं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पडद्याबरोबर आलेल्या धड्यातला प्रश्न जसाच्या तसा दिला: 'युद्ध संपल्यावर शहराला सर्वांत आधी कशाची गरज असते?' धड्यातलं उत्तर होतं: अन्न, औषधे आणि निवारा.

बाईंनी पेपर तपासायला घेतले आणि कपाळावर हात मारला. झाडून सगळ्या सातवीनं एकच उत्तर लिहिलं होतं: सुताराची.

घरी त्यांनी ते सासऱ्यांना दाखवलं. "गेला माझा तास," त्या म्हणाल्या. कॅप्टननी सगळे पेपर शांतपणे वाचले आणि परत देताना म्हणाले, "मुलांना शून्य देऊ नकोस. हवं तर मला दे." त्या रात्री त्यांनी कड्या ओढून पाहिल्या नाहीत. बाईंना झोप लागेना, तेव्हा त्याच उठून सगळी दारं ओढून आल्या.

सकाळी पेपरांचा गठ्ठा त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम एकेक पान उलटत गेल्या. चेहरा काही सांगत नव्हता. वकिलाच्या पेपरवर त्या थांबल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

"'अन्न वरूनही टाकता येते. सुतार वरून टाकता येत नाही. त्याची वाट बघावी लागते, आणि तोपर्यंत जे असेल ते सगळ्यांनी मिळून खावे लागते.'"

मॅडमनी चष्मा काढला. "धड्यातल्या उत्तरात सुतार नाहीये, बाई."

"नाही, मॅडम."

"म्हणजे चूक आहे."

"हो, मॅडम."

"धड्याची," मॅडम म्हणाल्या आणि लाल पेनानं पानभर एक मोठी बरोबरची खूण केली. "पुढच्या तासाला सुतारालाच बोलवा. आणि डब्यांचं... राहू द्यात वर्गातच."

सुतार यायला तयार झाला, पण एका अटीवर: ते कॅप्टनसाहेब दाराजवळ नकोत. अट मान्य झाली. तासाच्या दिवशी कॅप्टन सगळ्यात मागच्या बाकावर, पैलवानाशेजारी बसले होते. मांडीवर वीट होती. मुलांनी ती त्यांच्याच ताब्यात दिली होती. दाराला नवा खटका लागला होता आणि तो सुतारानंच बसवला होता. तरी आत येताना सुतार उंबऱ्यावर थांबला. त्यानं खटक्याकडे पाहिलं, विटेकडे पाहिलं, कॅप्टनकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन सायकलला लावलेला आपला डबा घेऊन आला आणि तो टेबलावर ठेवून म्हणाला, "हं, आता लावा दार."